स्वाक्षरी आणि वाचन : ब्राउझर-वॉलेटच्या स्वयंचलित चाचण्यांची भाषाशास्त्रीय समीक्षा

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ब्लॉकचेनवरील उपयोजनांच्या चाचण्यांविषयी लिहावे, यात काहींना अधिकारातिक्रम वाटण्याचा संभव आहे. तो आक्षेप गृहीत धरूनच प्रस्तुत लेख लिहिला आहे. ज्या चाचण्यांचा येथे विचार करावयाचा आहे त्या, बारकाईने पाहता, एका भाषिक कृतीच्या चाचण्या आहेत. ती कृती म्हणजे स्वाक्षरी. मनुष्य पडद्यावर काही मजकूर पाहतो, त्याला संमती देतो, आणि त्या संमतीने द्रव्य एका हातून दुसऱ्या हाती जाते. मजकूर, वाचन, संमती व परिणाम अशी या व्यवहाराची चार अंगे होत. यांपैकी संमती आणि परिणाम यांची परीक्षा आजची चाचणीपद्धती दक्षतेने करते. मजकूर आणि वाचन यांची मात्र तिने जवळजवळ उपेक्षाच केली आहे, असे आमचे मत झाले आहे.

ज्या वाचकांचा या क्षेत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. इथेरियमवर चालणाऱ्या संकेतस्थळापाशी वापरणाऱ्याची गुप्त किल्ली नसते. ती वॉलेटमध्ये असते, आणि वॉलेट म्हणजे बहुधा ब्राउझरला जोडलेला एक स्वतंत्र कार्यक्रम. २०१६ साली निघालेले मेटामास्क हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. संकेतस्थळ वॉलेटकडे मागणी करते, वॉलेट आपली वेगळी खिडकी उघडून ती मागणी मनुष्याला दाखविते, आणि मनुष्य होकार किंवा नकार देतो. ही बोलाचाल कोणत्या रीतीने व्हावी हे ईआयपी-११९३ या २०१८ सालच्या प्रस्तावात ठरवून दिलेले आहे. मनुष्याने नकार दिल्यास वॉलेटने ४००१ हा संकेतांक परत करावा, इथपर्यंत तपशील त्यात आहे. ही सर्व साखळी, पहिल्या कळीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत, यंत्राकरवी तपासणे याला ‘एंड-टू-एंड’ चाचणी म्हणतात. मराठीत तिला आद्यंत चाचणी म्हणावे असे आम्ही सुचवितो, परंतु त्या संज्ञेतच वादाचे बीज आहे. व्यवहाराचे एक टोक शृंखलेवरील नोंद हे खरे. दुसरे टोक मात्र कळ नव्हे, कळ दाबणारा होय.

संगणकशास्त्र विभागातील एका सहाध्यापकांनी अशी एक चाचणी मला चालवून दाखविली. साधने आता सर्वत्र वापरली जाणारीच होती. मायक्रोसॉफ्टने २०२० साली प्रसृत केलेले प्लेराइट हे ब्राउझर चालविणारे यंत्र. त्याने क्रोमियम एका टिकाऊ प्रोफाइलसह उघडला, कारण त्यावाचून जोडकार्यक्रम त्यात घालता येत नाही. शृंखला खरी नव्हती. अॅन्व्हिल नावाच्या साधनाने संगणकावरच उभी केलेली स्थानिक शृंखला होती व तिचा क्रमांक ३१३३७ होता. वॉलेट बारा शब्दांनी उघडले गेले, संकेतस्थळाशी जोडले गेले, आणि पैसे पाठविण्याची मागणी झाली. वॉलेटची खिडकी उघडली आणि मला तिच्यातील पहिला शब्द वाचता येण्यापूर्वीच मिटली. चाचणी यशस्वी झाल्याची हिरवी खूण उमटली. सहाध्यापकांना मी विचारले, “त्या खिडकीत काय लिहिले होते?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ते पाहावे लागत नाही.” प्रस्तुत लेख त्या उत्तरातून निघाला आहे.

त्या बारा शब्दांविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. गुप्त किल्ली शब्दरूपाने जपण्याची रीत बीआयपी-३९ या २०१३ सालच्या प्रस्तावाने घालून दिली. तिच्यासाठी २०४८ शब्दांची सूची असते. इंग्रजी सूचीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांनीच ओळखता यावा अशी काळजी घेतलेली आहे. प्रत्येक शब्द ११ द्विमान अंकांची माहिती वाहतो, म्हणजे बारा शब्द १३२ अंकांची. त्यांतील १२८ खऱ्या गुपिताचे आणि उरलेले ४ पडताळ्याचे. परिणामी पहिले अकरा शब्द मनाला येतील ते घेतले, तरी बारावा शब्द मनाला येईल तो चालत नाही. २०४८ पैकी केवळ १२८ शब्दच तेथे बसतात. हार्डहॅट व अॅन्व्हिल या दोन्ही साधनांनी चाचणीसाठी जे वाक्य घेतले आहे त्यात ‘टेस्ट’ हा शब्द अकरा वेळा येतो आणि बारावा शब्द ‘जंक’, म्हणजे अडगळ, हा आहे. बाराव्यांदाही ‘टेस्ट’च लिहिता आला असता तर लिहिला असता, गणिताने तो नाकारला. ज्याला व्याकरण म्हणतो त्याचे इतके नितळ उदाहरण नैसर्गिक भाषेत क्वचितच सापडेल: वाक्य निरर्थक आहे, पण व्याकरणशुद्ध आहे. बीआयपी-३९च्या अधिकृत संग्रहात दहा सूची आहेत; त्यांत भारतीय भाषेतील एकही नाही. असो.

चाचणीकारांचे स्थूलमानाने दोन संप्रदाय आहेत. पहिला संप्रदाय खरे वॉलेट चालवितो. सिंथेटिक्सच्या मंडळींनी आरंभिलेले सिनप्रेस, तसेच पपेटियरवर उभारलेले डॅपेटियर, ही या मार्गाची साधने. दुसरा संप्रदाय वॉलेटला रजा देतो आणि पानामध्ये त्याच्या जागी एक तोतया वस्तू ठेवतो, जी ईआयपी-११९३ची भाषा बोलते आणि प्रत्येक मागणीला तत्काळ होकार देते. वॅग्मी या लायब्ररीत असा तोतया मुळातच पुरविलेला आहे. दुसरा मार्ग वेगवान आहे, स्थिर आहे, आणि संकेतस्थळाच्या स्वतःच्या तर्कशास्त्राची परीक्षा करावयास पुरेसा आहे. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. तो आपण काय वगळले हे लपवीत नाही. आमची तक्रार पहिल्या मार्गाविषयी अधिक आहे. तो खरे वॉलेट आणतो, खरी खिडकी उघडतो, आणि मग त्या खिडकीकडे न पाहताच कळ दाबतो. तोतयाने जे केले असते त्याहून निराळे तो अर्थाच्या दृष्टीने काहीच करीत नाही, मात्र नाव आद्यंत चाचणीचे घेतो.

सिनप्रेसमधील आज्ञांची नावेच पाहावीत. ‘कन्फर्म सिग्नेचर’, ‘कन्फर्म ट्रान्झॅक्शन’, ‘अप्रूव्ह टोकन परमिशन’: सर्व आज्ञार्थी क्रियापदे, आणि कर्म सर्वत्र जातिवाचक. कोणती स्वाक्षरी, कोणाला परवानगी, किती रकमेची, हे वाक्यात नाही. खिडकीत हाच मजकूर असेल तर होकार द्यावा, अशी अट आज्ञेच्या रूपातच नाही. शेवटच्या आज्ञेत तर अर्थाचा एक गुंताही आहे. ‘अप्रूव्ह’ हे टोकन-करारातील एका कृतीचे नाव आहे. तिने दुसऱ्या कोणाला आपल्या शिलकेतून रक्कम उचलण्याचा अधिकार मिळतो. आणि वॉलेटमधील होकारालाही बोलीत ‘अप्रूव्ह’च म्हणतात. म्हणजे वापरणारा मंजुरीला मंजुरी देत असतो आणि आपण एकदाच काही मंजूर केले अशी त्याची समजूत राहते. उचलण्याच्या रकमेची मर्यादा न घालणे ही या क्षेत्रातील जुनी वहिवाट. अशा वेळी जी संख्या लिहिली जाते ती दोनचा २५६वा घात उणे एक, म्हणजे व्यवहारतः अमर्याद. चाचणीच्या दृष्टीने एक नाणे आणि अमर्याद नाणी यांत फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा कळ तीच.

येथे ऑस्टिनच्या सिद्धान्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूपाने निघालेली व्याख्याने आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. काही उच्चार वर्णन करीत नाहीत, कृती करतात; आणि ती कृती सिद्ध होण्यास परिस्थिती अनुकूल असावी लागते. रंगभूमीवर नटाने दिलेले वचन त्यांनी पोकळ मानले. स्थानिक शृंखलेवर यंत्राने केलेली स्वाक्षरी हे अशा पोकळ उच्चाराचे आदर्श उदाहरण म्हणून सहज पुढे करता येईल: मंच खोटा, नाणी खोटी, नट यंत्र. परंतु वस्तुस्थिती इतकी सरळ नाही, आणि तीच आम्हास अधिक महत्त्वाची वाटते.

या भाषेत उच्चार पोकळ आहे की नाही हे तो कोठे केला यावरून ठरत नाही, त्याच्या आत काय लिहिले आहे यावरून ठरते. जुलै २०१६ मध्ये इथेरियमच्या दोन शाखा झाल्या तेव्हा एका शाखेवर केलेला व्यवहार जसाच्या तसा उचलून दुसऱ्या शाखेवर पुन्हा वाचता येत असे, आणि तेथेही तो सिद्ध होई. त्याच वर्षी ईआयपी-१५५ने व्यवहाराच्या अंगात शृंखलेचा क्रमांक बसविला, तेव्हा हा दोष दूर झाला. म्हणून ३१३३७ या मंचावरील व्यवहार १ या क्रमांकाच्या खऱ्या शृंखलेवर चालत नाही. पण हे झाले व्यवहारांपुरते. साध्या मजकुरावरील स्वाक्षरीत असा क्रमांक नसतो. तिच्या आरंभी एक ठरीव उपोद्घात जोडला जातो, जेणेकरून तो मजकूर व्यवहार म्हणून कोणी खपवू नये. जुन्या पत्रांच्या मायन्यावरून पत्राची जात कळे, तशीच ही योजना आहे. पण जात कळली तरी गाव कळत नाही. २०१७ सालच्या ईआयपी-७१२ने रचनाबद्ध मजकुरासाठी नाव, आवृत्ती, शृंखलेचा क्रमांक व कराराचा पत्ता असे क्षेत्र ठरविले, पण त्यांतील कोणती अंगे घ्यावयाची हे लिहिणाऱ्याच्या इच्छेवर सोडले. क्रमांक वगळलेल्या मजकुरावर खऱ्या किल्लीने रंगीत तालमीत केलेली सही रंगमंदिराबाहेरही सही राहते. जॅक देरिदा यांनी १९७१ साली स्वाक्षरीच्या पुनरावृत्तिक्षमतेवर बोट ठेवून ऑस्टिनवर जी टीका केली, ती अनेकांना शब्दच्छल वाटली होती. येथे ती अभियांत्रिकीची अडचण म्हणून उभी आहे. मजकुराच्या अंगी क्रमांक आहे काय, हे चाचणी सहज विचारू शकते. कळ दाबण्याहून तो प्रश्न अधिक मोलाचा आहे.

या उपेक्षेची किंमत काय, हे दोन घटनांवरून दिसते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईत स्थापन झालेल्या विनिमयपेढीच्या बहुस्वाक्षरी वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर नाहीसे झाले. पडद्यावर दिसलेला मजकूर आणि प्रत्यक्षात ज्यावर सह्या झाल्या तो मजकूर यांत विसंगती होती, असे पेढीने आपल्या प्राथमिक निवेदनात म्हटले; ज्यांच्या पडद्याविषयी हे म्हटले त्यांनी आपल्याकडील दोष नाकारला. महाराष्ट्रातील कित्येक लहान गुंतवणूकदारांची शिल्लक या पेढीत अडकली होती, म्हणून तिचे नाव वाचकांच्या ऐकिवात असेल. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या पेढीतून चार लाखांहून अधिक ईथर, सुमारे दीड अब्ज डॉलरचे, गेले. सेफ या वॉलेटच्या एका विकसकाचा संगणक हल्लेखोरांनी काबीज केला होता आणि त्यामार्गे संकेतस्थळाची आज्ञावली बदलली होती. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसला; ज्यावर सही झाली तो मात्र वॉलेटच्या कराराची सूत्रेच दुसऱ्याच्या हाती देणारा होता.

या घटनांचे खापर चाचण्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. आज्ञावली चाचण्या झाल्यानंतर बदलली गेली असेल तर कोणतीही पूर्वचाचणी तिला अडवू शकत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. सही करणाऱ्याच्या हाती असलेल्या स्वतंत्र उपकरणावर मजकूर दिसतच असतो. तो त्याला वाचता येत नाही, कारण तो षोडशमान अंकांच्या रांगांनी भरलेला असतो. असा अवाच्य मजकूर वर्षानुवर्षे तसाच का राहिला? वाचता न येण्यामुळे एकही चाचणी अयशस्वी होत नाही, म्हणून. संकेतस्थळ घडविणाऱ्याला तो दोष रोज सकाळी तांबड्या खुणेच्या रूपाने दिसला असता, तर त्याची निकड आपोआप वाढली असती. जे मोजले जात नाही त्याची दुरुस्ती मागे पडते, हा अनुभव आपल्या परीक्षापद्धतीतही आहे. तोंडी परीक्षेला गुण नसतील तर उच्चार कोण सुधारतो?

मजकूर अवाच्य का होतो, याची कारणे शुद्ध भाषिक आहेत. कराराला दिलेली आज्ञा नावाने जात नाही, नावापासून काढलेल्या चार बाइटच्या सारांशाने जाते. सारांशावरून नाव ओळखण्यासाठी बाहेरचा कोश लागतो, आणि चार बाइट फार थोडे असल्याने भिन्न नावांचे सारांश एकच निघू शकतात. ‘बर्न’, म्हणजे नाणी नष्ट करणे, आणि ‘कोलेट प्रोपगेट स्टोरेज’ या दोन आज्ञांचा सारांश एकच आहे, हे या क्षेत्रातील प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडील ‘कर’ हा शब्द हात आणि सारा हे दोन्ही अर्थ वाहतो, पण तेथे संदर्भ मदतीला येतो. यंत्राच्या खिडकीत संदर्भ कोणी पुरवावयाचा? २०२४ साली पुढे आलेल्या ईआरसी-७७३० या प्रस्तावाने त्यावर उपाय योजला आहे: कराराच्या कर्त्यानेच प्रत्येक आज्ञेचे मानवी वाचन लिहून द्यावे व वॉलेटने ते दाखवावे. ही एक प्रकारची टीका आहे, मूळ सूत्राखाली लिहिलेली. आणि टीका मूळ पाठाशी जुळते की नाही हे तपासण्याचे स्थान आद्यंत चाचणीवाचून दुसरे नाही.

संख्यांचे वाचन हा याहून उपेक्षित प्रांत. यूएसडीसी या नाण्याला दशांशचिन्हापुढे सहा स्थाने आहेत, इतर पुष्कळांना अठरा. कच्च्या मजकुरात दहा लाख ही संख्या दिसली तर यूएसडीसीत तिचा अर्थ एक नाणे. चाचणीने खिडकीतील संख्या वाचून हेतूतील संख्येशी ताडून पाहिली, तर हा घोटाळा पहिल्याच दिवशी उघड होईल. मराठी वापरणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक संकट येते. ब्राउझर ज्या भाषाविषयक माहितीवर चालतात तिच्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी ठरविलेले आहेत. हिंदीचे मात्र तसे नाहीत. म्हणून ज्याने ब्राउझरची भाषा मराठी ठेवली आहे त्याला, संकेतस्थळाने भाषेनुसार अंक दाखविण्याची सोय वापरली असल्यास, ‘१५०’ असे दिसेल. तेच अक्षर पानाने पुन्हा संख्या म्हणून वाचावयाचा प्रयत्न केला, तर जावास्क्रिप्ट ‘संख्या नव्हे’ असे उत्तर देते. आमच्या लिपीतील दीडशे ही त्या यंत्राच्या लेखी संख्याच नाही! प्लेराइटमध्ये एका ओळीने ब्राउझरची भाषा मराठी करता येते. ती ओळ मात्र सहसा कोणी लिहीत नाही. मी पाहिलेल्या चाचण्यांत ती नव्हती.

नकाराचे प्रकरण थोडक्यात आटोपता येईल. ४००१ची सोय आहे, साधनांत नकाराच्या आज्ञाही आहेत. चाचणी लिहिणाऱ्याने त्या वापराव्यात, एवढेच. पण होकार आणि नकार यांच्यामध्ये मौन नावाचे तिसरे उत्तर असते. मनुष्य खिडकी उघडी ठेवून चहाला जातो, कोणाला तरी विचारून येतो, किंवा नुसताच विचार करीत बसतो. प्लेराइटची मूळ मर्यादा तीस सेकंदांची. त्यापुढचे मौन ती अपयश समजते. संकेतस्थळाने मौन काळात काय दाखवावे, विनंती दोनदा पाठवावी की नाही, मागे घ्यावी की नाही, हे प्रश्न त्यामुळे विचारलेच जात नाहीत. विचार करणारा वापरणारा हा या पद्धतीत बिघाड गणला जातो.

याच प्रकारचा एक दोष काळाचा आहे. साधने चाचणीसाठी वॉलेटची एक ठराविक आवृत्ती बांधून घेतात, नाहीतर कळांची नावे बदलताच चाचण्या कोसळतात. वापरणाऱ्याच्या ब्राउझरमधील वॉलेट मात्र आपोआप नवे होत राहते. तेव्हा चाचणी ज्या पाठाची साक्ष देते तो पाठ वाचकाच्या हाती असेलच असे नाही. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हे दुखणे नवे वाटू नये.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख आपल्या विद्यार्थ्यांसाठी करतो, कारण तिच्यात काम करण्यासारखे आहे. चाचण्या सामान्य माणसाला वाचता याव्यात म्हणून गर्किन नावाची एक लेखनपद्धती आहे आणि तिचे संयोजक शब्द अनेक भाषांत दिलेले आहेत, मराठीतही. पूर्वस्थिती सांगणाऱ्या वाक्याच्या आरंभी मराठीत ‘जर’ किंवा ‘दिलेल्या प्रमाणे’, कृतीच्या आरंभी ‘जेव्हा’, फलाच्या आरंभी ‘मग’ किंवा ‘तेव्हा’ लिहावयाचे. ‘जेव्हा–तेव्हा’ ही जोडी निर्दोष आहे. पण ‘जर’ आला की मराठी कान ‘तर’ची वाट पाहतो, आणि या पद्धतीत ‘तर’ येतच नाही. शिवाय पूर्वस्थिती ही अट नव्हे. वॉलेटमध्ये शंभर नाणी आहेत हे गृहीत आहे, शंकास्पद नाही. संस्कृतातील सती सप्तमीचे कार्य मराठीत ‘असता’ हे रूप करते आणि येथे नेमके तेच हवे: ‘वॉलेटमध्ये शंभर नाणी असता, जेव्हा वापरणारा दहा नाण्यांची परवानगी मागणारी खिडकी पाहतो, तेव्हा तिच्यात दहा हा आकडा व उचलणाऱ्याचा पत्ता त्याला वाचता येतो.’ अडचण अशी की ‘असता’ वाक्याच्या शेवटी येते आणि यंत्राला संयोजक शब्द आरंभी हवा असतो. मराठीचा पदक्रम न मोडता आरंभी ठेवता येईल असा शब्द कोणता, याचा शोध पदव्युत्तर वर्गातील कोणी घेतल्यास तो या पत्रिकेत छापण्यास आम्ही उत्सुक आहोत.